बसल्या जागी टेनिस

मी जन्मात टेनिस खेळलेलो नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. बँकेत वीस वर्षं काउंटरमागे काढल्यावर माणसाला एवढं शहाणपण येतंच, की जी चूक ऑडिटर हमखास काढणार ती आपणच आधी सांगितलेली बरी. आमच्या गावात टेनिसचं कोर्ट एकच, आणि ते साहेबलोकांच्या क्लबात. कुंपणाबाहेर आलेला चेंडू परत आत फेकणं एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. त्यातलेही दोन चेंडू परत गेले नाहीत. त्या दोन चेंडूंवर आम्ही अख्खी मे महिन्याची सुट्टी क्रिकेट खेळलो.

तरीही आज मी टेनिसच्या एका व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहायला बसलो आहे. साधं पिठलं करता येत नसताना आमटीत मीठ कमी आहे हे सांगणारे पुरुष आपल्याकडे घरोघर आहेत. त्याच परंपरेत मलाही बसवावं.

त्याचं असं झालं. सौ.चे बंधू न्यू जर्सीला असतात. त्यांना घर आवरायची लहर आली की त्यांना आमची आठवण येते. त्यांच्या माळ्यावरच्या वस्तूंनी आमचा माळा भरत आला आहे. २०२२च्या डिसेंबरात ते आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून एक पांढरी पेटी निघाली. जाडीला आमच्या जुन्या लेजरएवढी, आणि उभी ठेवायची. "भावजी, हे 'वी'. निन्टेन्डोचं. ह्यात टेनिस आहे."

"वी?" कॉटवरून नानांनी विचारलं. "ऱ्हस्व की दीर्घ?"

नाना म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. जिभेवरून वारं गेलं नाही, हे सगळ्या घराचं नशीब. काहींच्या मते सगळ्या घराची परीक्षा. पण उजवा हात आणि उजवा पाय रुसून बसले. पाय काठी घेऊन चालायला लागला, हात मात्र काही केल्या मनावर घेईना. फिजिओथेरपीच्या बाई यायच्या आणि सांगायच्या, "आजोबा, हात खांद्याच्या वर न्या. दहा वेळा." नाना एकदा न्यायचे आणि म्हणायचे, "उरलेले नऊ याचसारखे. सिद्धता पुरे झाली." तर हे टेनिस घरात आलं ते असं वेळेवर आलं.

आता जरा वंशावळ सांगितली पाहिजे. परीक्षणाला त्याशिवाय भारदस्तपणा येत नाही. व्हिडिओ गेम नावाच्या सगळ्या कुळाच्या मूळपुरुषांत पहिलं नाव घ्यावं लागतं ते टेनिसचं. १९५८ साली अमेरिकेत ब्रुकहेवनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या एवढ्याशा पडद्यावर दोघांनी खेळायचं टेनिस तयार केलं. गृहस्थ आधी ॲटम बाँबच्या कामावर होते. प्रयोगशाळा बघायला येणारी मंडळी कंटाळू नयेत म्हणून ही सोय. पुढे १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' आला. दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक ठिपका, झालं टेनिस. कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये पहिलं यंत्र ठेवलं, ते थोड्याच दिवसांत बंद पडलं. माणूस दुरुस्तीला गेला तर यंत्रात काही बिघाड नाही. नाण्यांचा डबा गच्च भरला होता, पुढचं नाणं आत जाईना! सगळे इतिहासकार ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगतात. ती नाणी मोजायला कोण बसलं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

आमच्या पिढीची गाठ पडली ती निन्टेन्डोच्याच १९८४च्या टेनिसशी. नव्वदनंतर बाजारात जी नकली यंत्रं मिळायची त्यांच्या पिवळ्या कॅसेटमध्ये ते असायचं. उंच खुर्चीवर मारिओ पंच म्हणून बसलेला. त्यात दोघं मित्र खेळायला बसले तर एकमेकांविरुद्ध खेळता येत नसे. दोघांनी एका बाजूला उभं राहून यंत्राविरुद्ध खेळायचं. मैत्री टिकवण्याच्या दृष्टीने उत्तम योजना. पण पैज लावायची सोय नाही, म्हणून आम्ही ते फारसं खेळलो नाही.

'वी स्पोर्ट्स'मधलं टेनिस या घराण्यातलं सगळ्यांत कर्तबगार पोर. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आलं आणि आठ कोटींहून जास्त प्रती खपल्या. अर्थात जपानबाहेर बहुतेक ठिकाणी तो खेळ यंत्राबरोबर तसाच मिळत होता. आमची शाखाही दर वर्षी शेकड्यांनी कॅलेंडरं 'खपवते'. बी.कॉम. माणसाने असल्या आकड्यांपुढे टोपी काढण्याआधी खालची टीप वाचावी.

पण खेळ चालतो कसा, तिथे मात्र टोपी काढावीच लागते. बटणं दाबत बसायचं नाही. हातात रिमोट धरायचा आणि रॅकेट समजून हवेत फिरवायचा. वर नेलात तर पडद्यावर चेंडू उडतो. तो अगदी टोकाला असताना मारलात तर सर्व्हिस सणसणत जाते. लवकर मारलात तर चेंडू एका कोपऱ्यात, उशिरा मारलात तर दुसऱ्या. बस्स, एवढंच. पुस्तिका नको, क्लास नको. आमच्या सौ.ने कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळात शिकून तिसऱ्या शिट्टीच्या आत मला हरवलं. बँकेतल्या पासबुक छापायच्या यंत्रासमोर सुशिक्षित माणसं पासबुक उलटंसुलटं घालत अर्धा तास उभी असतात, ते रोज बघणाऱ्याला या सोपेपणाची किंमत कळते.

शिवाय खेळाची वागणूक चांगली. बराच वेळ खेळलात की पडद्यावर उघडी खिडकी दाखवून सुचवतो, जरा विश्रांती का घेत नाही? गिऱ्हाइकाला आपण होऊन 'आता पुरे' म्हणणारी संस्था मी दुसरी पाहिलेली नाही. आम्हीही म्हणतो म्हणा, पण ती आमच्या जेवणाची सुट्टी असते.

खेळाडूंची चित्रं आपणच तयार करायची. चिरंजीवांनी नानांचं चित्र केलं. टक्कल, चष्मा, मिशी, सगळं हुबेहूब. नाना बराच वेळ बघत राहिले.

"याला हात कुठायत?"

खरंच नव्हते. पंजा आहे, पंजात रॅकेट आहे, पण खांदा आणि पंजा यांच्यामध्ये काही नाही. पंजा आपला हवेत तरंगतो. जपान्यांनी तशीच सगळ्यांची चित्रं केली आहेत. कुणी काही बोललं नाही. मग नानाच म्हणाले, "बरोबर आहे. सध्या माझंही तसंच आहे."

यंत्र अमेरिकेचं, म्हणून त्याला वीजही अमेरिकेची लागते. त्यासाठी २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, तो यंत्राच्या तिप्पट जड. टीव्हीवर ठेवायची एक पट्टीही येते. तिचं नाव 'सेन्सर बार'. पण तिला कसलाही सेन्स नाही! ती नुसती डोळ्यांना न दिसणारा उजेड पाडते. बघण्याचं सगळं काम रिमोटच्या टोकातला कॅमेरा करतो. आमच्याकडेही 'मी आपली काय मदत करू शकतो?' अशी पाटी असलेलं एक टेबल आहे, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही. पुढे उंदराने त्या पट्टीची वायर कुरतडली आणि पडद्यावरचा बाण हरवला. चिरंजीवांनी कुठूनसं शोधून काढलं की वीतभर अंतरावर दोन ज्योती ठेवल्या तरी चालतं. चालतं की! आईने देवघरातली दोन निरांजनं आणून टीव्हीपुढे ठेवली, आणि बाण आला. १९८७ साली 'रामायण' लागलं की लोक टीव्हीला हार घालत, ते मी लहानपणी पाहिलं आहे. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायला आल्या आणि टीव्हीपुढे निरांजनं बघून चपला काढून, हात जोडून उभ्या राहिल्या. पडद्यावर नाना सर्व्हिस करत होते.

आता दोष. ते सांगितल्याशिवाय परीक्षणाला मानधन मिळत नाही.

पहिला दोष असा की या टेनिसमध्ये धावायचं नाही. चेंडू जिकडे जाईल तिकडे तुमचा खेळाडू आपण होऊन धावतो. तुम्ही फक्त मारायचं. जाणकार मंडळी यावर फार रागावतात. त्यांचं म्हणणं, टेनिस हा मुळात पायांचा खेळ; चेंडूपर्यंत वेळेवर पोचणं हीच कला; तीच काढून घेतली तर उरलं काय? बरोबर आहे. पुढे यायचं की मागे राहायचं हेही तुमच्या हातात नाही. लग्नाच्या पंगतीत नुसतं 'वाढा' म्हणत बसल्यासारखं ते आहे.

दुसरा दोष, इथे एकेरी सामनाच नाही. कायम दुहेरी. तुम्ही एकटे खेळत असलात तरी कोर्टावर तुम्ही दोन. पुढे एक तुम्ही, मागे एक तुम्ही. रिमोट एकदा फिरवला की दोघेही एकदमच रॅकेट फिरवतात. पुढचा चुकला तर मागचा सांभाळून घेतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं आहे. १९९९ साली पेस आणि भूपती यांनी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्हीकडे दुहेरी जिंकली, तेव्हा ते एकमेकांशी किती बोलतात याची चर्चा वर्तमानपत्रांत चाले. इथे तो प्रश्नच नाही.

सेटही नाहीत. एक गेम, नाहीतर तिनात सरस, नाहीतर पाचात सरस. मोजणी मात्र अस्सल. पंधरा, तीस, चाळीस. त्यावर नानांनी पहिल्याच दिवशी खेळ थांबवला. "पंधरानंतर तीस. तीसनंतर पंचेचाळीस. हे चाळीस कुठून आलं?" मी म्हटलं, नाना, टेनिसमध्ये असंच असतं. "असंच असतं हे उत्तर नव्हे. पाच कुठे गेले?" पाच रुपयांचा फरक सापडेना म्हणून रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेला माणूस मी. त्यांचं दुःख मला समजलं. पण ते पाच अजून सापडलेले नाहीत.

रिमोटला मनगटात अडकवायची दोरी असते. सुरुवातीला ती फारच बारीक होती. ज्यांनी जोरात सर्व्हिस केली त्यांचे रिमोट थेट टीव्हीत गेले, आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने ३२ लाख दोऱ्या फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. आमच्या घरात झालं त्याला मात्र दोरी जबाबदार नाही. मी ती अडकवलीच नव्हती. नानांना निरोपसमारंभात मिळालेलं काचेचं घड्याळ शोकेसमध्ये होतं. तेव्हापासून आमच्याकडे कायम सात वाजून दहा मिनिटं झालेली असतात.

पण खरा दोष याहून मोठा आहे, आणि तो शोधून काढला नानांनी.

पहिले आठ दिवस नाना खुर्चीत बसून, उजव्या हातात रिमोट धरून, हात कसाबसा उचलून मारायचे. धावायचं काम पडद्यावरचे नाना करत होते, दोघेही. जाणकारांनी ज्याला दोष म्हटलं त्याच्याच जोरावर काठी घेऊन चालणारा माणूस टेनिस खेळत होता. फिजिओच्या बाई खूश. आई निरांजनं लावायला एका पायावर तयार. आठव्या दिवशी मी बँकेतून आलो, तर नाना खुर्चीत आरामात रेललेले, हात मांडीवर, आणि पडद्यावर सणसणीत फटके चाललेले.

"हात वर न्यायची गरजच नाही," नाना म्हणाले. "मनगट हललं तरी पुरे. बघ."

आणि त्यांनी मीठ भुरभुरवतात तसं मनगट झटकलं. चेंडू कोपऱ्यात.

त्याचं शास्त्र असं. रिमोटला हात कुठे आहे हे कळतच नाही. त्याच्या आत बसवलेलं यंत्र फक्त झटका मोजतं. खांद्यापासून फिरवा नाहीतर बोटांनी झटका, त्याला सारखंच. वीस मिनिटं घाम गाळणारा मी आणि मांडीवर हात ठेवलेले नाना, दोघांचा धनादेश त्याच रकमेचा वटतो. कंपनीलाही हे उमगलं असावं. २००९ साली 'मोशन प्लस' नावाचं जोडयंत्र आलं, त्याने हाताची वळणं बरीच नीट कळू लागली. पण त्याच्याबरोबर जो नवा खेळ दिला त्यात टेबल टेनिस होतं, टेनिस नव्हतं! त्यांनी टेनिसची दुरुस्ती केली ती पुढच्या यंत्रावर, २०१३ साली. आमच्या पेटीचं उत्पादनही त्याच वर्षी बंद झालं. म्हणजे दुरुस्ती झाली, पण आमच्या खात्यात जमा झाली नाही.

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "मनगटाला व्यायाम होतोय, चांगलंच आहे. पण आम्हाला खांदा हवाय." बाई अभ्यासू. त्यांनी सांगितलं की 'वी'वर डॉक्टरांनी प्रयोगसुद्धा केले आहेत. २०१० साली टोरांटोतल्या एका छोट्या प्रयोगात असं दिसलं की अर्धांगवायूच्या रुग्णांना हा खेळ खेळून बराच फायदा होतो. मग मोठा प्रयोग झाला, निरनिराळ्या देशांतल्या १४१ रुग्णांवर. अर्ध्यांना 'वी' दिला, अर्ध्यांना पत्ते, ठोकळे, चेंडू असले साधे खेळ. २०१६ साली निकाल लागला. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि सारखेच सुधारले.

म्हणजे पत्ते आणले असते तरी चाललं असतं. पन्नास रुपयांत. ट्रान्सफॉर्मरचे चोवीसशे वाचले असते. हे ऐकल्यावर माझ्यातला कॉमर्सवाला दोन दिवस जेवला नाही. पण पत्त्यांत नाना मला भिडू घेत नाहीत, ही एक अडचण होती. शिवाय पत्ते पिसायला दोन हात लागतात.

नानांचं टेनिस चालूच होतं. त्यात आणखी एक भानगड आहे. एकट्याने यंत्राविरुद्ध खेळलं तरच तुमच्या नावावर गुण चढतात, हरलात की उतरतात. घरच्या माणसांशी कितीही खेळा, गुण शून्य. नाना मला म्हणाले, "तुझ्याशी खेळून मला काही मिळत नाही." हे त्यांनी खेळाबद्दल म्हटलं असं मी समजून चालतो. दुपारी सगळे झोपले की ते एकटेच बसत. हजार गुण झाले की नावाला 'प्रो' लागतं. नानांना ते सहाव्या आठवड्यात लागलं. मला बँकेत पहिली बढती मिळायला अकरा वर्षं लागली होती, आणि ती मी बदली नको म्हणून घेतली नाही.

त्या संध्याकाळी ते चौघांपुढे जाहीर झालं. मी नातवाच्या आग्रहाखातर त्यांच्याशी एक सामना खेळलो. चाळीस-पंधरावर त्यांनी मनगट झटकलं, चेंडू माझ्या दोन्ही मींच्या मधून गेला, आणि नानांनी "हे बघ!" म्हणून उजवा हात वर केला. खांद्याच्या वर. पार कानाच्या वर. रिमोटसकट. जे पाच महिन्यांत बाईंना, डॉक्टरांना आणि जपानला जमलं नव्हतं ते झालं, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग रोज दहा वेळा जिंकू द्या."

तेव्हापासून माझ्या कामाच्या वहीत मागच्या पानावर एक रकाना आहे. तारीख, सामने, हात किती वेळा वर गेला. पहिल्या आठवड्यात चार, मग सात, मग अकरा. जमेची बाजू दर आठवड्याला वाढती. नावेची बाजू माझी. आता तर यंत्राकडून नानांची गाठ एलिसा आणि सारा या दोन बायांशी पडते. त्या या खेळातल्या सगळ्यांत जबरदस्त खेळाडू. त्यांच्याकडून हरले की नाना संध्याकाळी माझ्यावर राग काढतात. हिशेबाला ते चांगलंच.

परवा मात्र त्यांनी मध्येच खेळ थांबवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्गात कॉपी पकडायच्या आधी ते असंच करायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

"तू मुद्दाम हरतोयस का रे?"

"नाही, नाना."

"वही आण."

वही आणली. त्यांनी सगळे रकाने वाचले. बेरजा तपासल्या. मार्चमधल्या एका बेरजेत एकाची चूक निघाली, ती डाव्या हाताने पेन घेऊन दुरुस्त केली. मग जरा थांबून पेन उजव्या हातात घेतलं आणि खाली सही केली. सही म्हणजे कोंबडीचे पायच होते. आमच्या बँकेत ती नमुन्याशी जुळली नसती.

"आता नीट खेळ," म्हणाले.

मी नीट खेळलो. खरं सांगायचं तर मुद्दाम हरण्याची वेळ माझ्यावर आजवर दोनदाच आली होती, आणि त्यातल्या एकदा मी चुकून जिंकलो होतो. परवाही तीन गेम झाले, तिन्ही त्यांचेच. हात तीन वेळा वर गेला. ती नोंद मात्र नानांनी स्वतःच केली.